पाचव्याचा हिशेब

भंडारा शहराची पितळी भांड्यांसाठीची कीर्ती जुनी आहे. या व्यवसायात पेढीवर बसणाऱ्याने स्वतः हातोडा चालविलेला असतोच असे नाही. मोड कोणत्या भावाने घ्यावी, कोणत्या कारागिराच्या हाताला परात बसते आणि कोणाच्या हाताला लोटा, घडणावळ किती द्यावी, अडचणीच्या महिन्यात उचल कोणाला नाकारू नये, हे मात्र त्याला नेमके ठाऊक असावे लागते. भांडे घडविणारा हात वेगळा असतो आणि तो हात ओळखणारी नजर वेगळी असते. पेढीची पत या नजरेवर उभी राहते.

खेळाच्या जगात असे काम करणाऱ्याला प्रशिक्षक म्हणतात. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांचे खेळाडू नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना जातात. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर पहाटे खांद्याला पिशव्या लावून उभी असलेली मुले अनेकांनी पाहिली असतील. त्यांच्याबरोबर तिकिटे, ओळखपत्रे आणि जेवणाचे डबे सांभाळणारे एक गृहस्थ असतात. संघ जिंकला तर छायाचित्रात ते कडेला उभे असतात आणि हरला तर प्राचार्यांपुढे उभे असतात. व्यापारी घरातील पालक मुलाला अशा संघात पाठविताना एकच प्रश्न विचारतात, "यातून पुढे काय?" त्याचे उत्तर मुलाजवळ नसते. प्रशिक्षकाजवळ ते असते का, हे पाहण्यासाठी एका मोठ्या कारकिर्दीकडे वळणे उपयोगी ठरेल. ती भारतातील नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन विद्यापीठाच्या गोल्फ संघाचे ३६ वर्षे नेतृत्व करणारे डेव्ह विल्यम्स यांची ती कारकीर्द आहे.

गोल्फ हा खेळ भंडाऱ्याच्या वाचकाला दूरचा वाटेल. मुंबईत चेंबूरला आणि पुण्यात येरवड्याला त्याची मोठी मैदाने आहेत. विदर्भातील बहुतेक घरांत मात्र तो दूरचित्रवाणीपुरताच ठाऊक आहे. त्याचे गणित तसे सोपे आहे. मैदानावर १८ ठिकाणी लहान खळगे असतात. त्यांना होल म्हणतात. प्रत्येक होलमध्ये चेंडू कमीत कमी फटक्यांत घालवायचा असतो आणि शेवटी ज्याचे फटके सर्वांत कमी, तो विजयी. इथे आकडा वाढला की नुकसान आणि घटला की लाभ. खर्चाची वही ठेवणाऱ्याला हे समजण्यास वेळ लागू नये.

विद्यापीठ संघाचा हिशेब थोडा निराळा आहे. आजच्या प्रचलित पद्धतीत पाच खेळाडू मैदानात उतरतात आणि प्रत्येक फेरीत त्यांच्यापैकी सर्वांत चांगले चार आकडे संघाच्या खाती धरले जातात. पाचवा आकडा सोडून दिला जातो. हा पाचवा कोण, हे सकाळी कोणालाच माहीत नसते. काल संघाला तारणारा आज पाचवा होऊ शकतो आणि आजचा पाचवा उद्या सर्वांच्या पुढे असू शकतो. एखाद्याचा दिवस वाईट गेला तर त्यामुळे संपूर्ण संघ बुडू नये, अशी ही व्यवस्था आहे. नियमाने पाचव्याचा आकडा गळतो. प्रशिक्षकाला मात्र तो मुलगा गाळता येत नाही. संध्याकाळी परतताना तोही त्याच गाडीत बसलेला असतो.

ह्यूस्टन विद्यापीठ १९२७ साली कनिष्ठ महाविद्यालय म्हणून सुरू झाले आणि १९३४ साली त्याला विद्यापीठाचे स्वरूप आले. अमेरिकेतील महाविद्यालयीन गोल्फमध्ये तोवर येलसारख्या जुन्या आणि संपन्न विद्यापीठांचा दबदबा होता. येलच्या नावावर आजही सर्वाधिक, म्हणजे २१ राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. टेक्सासमध्येच नॉर्थ टेक्सास या महाविद्यालयाने १९४९ ते १९५२ अशी लागोपाठ चार वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. जुन्या बाजारपेठेत नवीन दुकान मांडावे आणि शेजारच्या दुकानी गर्दी असावी, तशी ह्यूस्टनची स्थिती होती. अशा वेळी १९५१ साली गोल्फ संघाची जबाबदारी विल्यम्स यांच्याकडे आली. ते रासायनिक अभियांत्रिकीचे अध्यापक होते. नामांकित गोल्फपटू म्हणून त्यांची ख्याती नव्हती.

पाच वर्षांनी, १९५६ साली, ह्यूस्टनने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळविले आणि पुढे १९६० पर्यंत ते कोणाच्या हाती जाऊ दिले नाही. १९६१ साली पर्ड्यू विद्यापीठाने ही साखळी तोडली. त्याच वर्षी वैयक्तिक विजेतेपद ओहायो स्टेटच्या जॅक निकलस या तरुणाने घेतले, जो पुढे जगातील थोर गोल्फपटूंत गणला गेला. १९६२ साली ह्यूस्टन पुन्हा विजयी झाले. त्यानंतर १९६४ ते १९६७ अशी सलग चार वर्षे, मग १९६९ आणि १९७०. पंधरा वर्षांत बारा विजेतेपदे झाली. १९७७, १९८२, १९८४ आणि १९८५ ही चार धरली की बेरीज १६ होते. वैयक्तिक विजेतेपदेही त्यांच्या खेळाडूंनी आठ वेळा मिळविली.

जो स्वतः त्या विद्येतला नामवंत नाही, त्याने हे कसे साधले? पहिले उत्तर निवडीत आहे. विल्यम्स यांनी आपल्या परिसरातील मुलांवरच भिस्त ठेवली नाही. कॅलिफोर्नियाहून फिल रॉजर्स आला, इंडियानाचा फझी झोलर आला, सिअ‍ॅटलहून फ्रेड कपल्स आला आणि पुढे ऑस्ट्रेलियाहून स्टीव्ह एल्किंग्टनही आला. गोल्फ हा श्रीमंतांच्या क्लबांचा खेळ असला तरी विल्यम्स यांच्या संघाचा दरवाजा क्लबच्या सभासदांच्या मुलांपुरता उघडा नव्हता. मेक्सिकन वंशाच्या होमेरो ब्लँकसचे वडील ह्यूस्टनच्या रिव्हर ओक्स या उच्चभ्रू क्लबात मैदानाचे गवत राखण्याचे काम करीत. मुलगा त्याच मैदानाच्या आश्रयाने वाढला आणि तेथेच खेळ शिकला. तो विल्यम्स यांच्या संघात आला. १९६२ साली टेक्सासमधील लाँगव्ह्यू येथे त्याने १८ होलची एक फेरी केवळ ५५ फटक्यांत पूर्ण केली. मैदान छोटे होते हे खरे, तथापि त्याचा ठरलेला आकडा ७० होता. त्याच फेरीत त्याचा महाविद्यालयीन सोबती फ्रेड मार्टी याने ६१ फटके घेतले. इतर कोणत्याही दिवशी ६१ या आकड्यावर मिरवणूक निघाली असती.

दुसरे उत्तर याच प्रसंगात आहे. ज्या संघात ६१ फटके घेणाराही मागे पडतो, त्या संघातील मुलाला बाहेरच्या स्पर्धेचे भय उरत नाही. महाविद्यालयीन गोल्फमध्ये बाहेरगावी जाण्यापूर्वी घरच्या मैदानावर निवड फेऱ्या होतात. नाव, गाव, गेल्या वर्षीची कामगिरी यांतील काहीही तेथे चालत नाही. त्या आठवड्याचे आकडे चालतात. हे कठोर वाटते, पण त्यात एक न्याय आहे. निवड न झालेल्या मुलाला कारण विचारावे लागत नाही, कारण ते त्याच्याच हातच्या आकड्यात लिहिलेले असते.

तिसरे उत्तर स्पर्धेच्या रचनेत आहे. पूर्वी राष्ट्रीय स्पर्धेत वैयक्तिक विजेता ठरविण्यासाठी दोघादोघांचे सामने होत. जो हरला तो बाहेर. १९६५ सालापासून सर्व फेऱ्यांतील फटक्यांच्या एकूण बेरजेवर निकाल लागू लागला. महाविद्यालयीन गोल्फ या बेरजेच्या पद्धतीकडे वळविणाऱ्यांत विल्यम्स यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. एका सामन्याच्या नशिबापेक्षा चार फेऱ्यांची बेरीज माणसाची खरी पत दाखविते. एका दिवसाच्या गल्ल्यावरून दुकान पारखावे की वर्षाच्या ताळेबंदावरून, असाच हा प्रश्न होता.

या खेळात आणखी एक गोष्ट प्रशिक्षकाची कसोटी पाहते. पाच खेळाडू पाच ठिकाणी विखुरलेले असतात. प्रत्येकाच्या मागे पंच नसतो आणि प्रशिक्षक एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. चेंडू झाडीत गेला आणि हात लागून किंचित हलला, तर ते फक्त खेळाडूला ठाऊक असते. १९२५ सालच्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स याने आपला चेंडू हलल्याचे स्वतः सांगितले आणि स्वतःवर एका फटक्याचा दंड ओढवून घेतला. इतर कोणी ते पाहिले नव्हते. मुख्य फेऱ्यांअखेर बरोबरी झाली आणि नंतरच्या निर्णायक फेरीत त्याचे विजेतेपद गेले. लपविलेला तो एक फटका त्याला विजेता करून गेला असता. १९६८ सालच्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो डी व्हिसेंझो याचे दुर्दैव वेगळे होते. गुण लिहिणाऱ्या सहखेळाडूने एका होलवर तीनऐवजी चार फटके लिहिले आणि व्हिसेंझोने न तपासता सही केली. सही केलेला वाढीव आकडाच ग्राह्य धरला गेला आणि बरोबरीची संधी एका फटक्याने हुकली. सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले सत्यही सहीपुढे टिकले नाही. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, ही शिकवण बँकेत किंवा बाजारात वावरणाऱ्याला नवी नाही. तरीही दरवर्षी कोणी ना कोणी तिची किंमत मोजतो. गोल्फच्या प्रशिक्षकाला फटक्याइतकीच ही सवय मुलांच्या अंगी बाणवावी लागते.

विल्यम्स यांच्या हाताखालून गेलेल्यांनी पुढे मोठी नावे कमावली. जॉन महॅफीने १९७८ साली पीजीए अजिंक्यपद, झोलरने १९७९ साली मास्टर्स आणि १९८४ साली अमेरिकन ओपन, बिल रॉजर्सने १९८१ साली ब्रिटिश ओपन, कपल्सने १९९२ साली मास्टर्स आणि एल्किंग्टनने १९९५ साली पीजीए अजिंक्यपद मिळविले. ही यादी कोणत्याही विद्यापीठाने भिंतीवर लावावी अशी आहे. परंतु "यातून पुढे काय?" या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर अशा यादीत शोधणे धोक्याचे आहे. यादीत नसलेल्या मुलांचे काय झाले, हे तिच्यात लिहिलेले नसते.

मार्टी फ्लेकमन याचेच उदाहरण घ्यावे. १९६५ साली तो राष्ट्रीय वैयक्तिक विजेता झाला. १९६७ सालच्या अमेरिकन ओपनमध्ये, व्यावसायिक होण्यापूर्वीच, तो तीन फेऱ्यांनंतर जगातील नामवंतांच्या पुढे होता. चौथ्या दिवशी त्याला ८० फटके लागले आणि विजेतेपद निकलसकडे गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस व्यावसायिक म्हणून त्याने एक मोठी स्पर्धा जिंकली. सर्वांना वाटले, आता याचे दिवस आले. त्यानंतर त्या दर्जाची स्पर्धा त्याला पुन्हा कधीच जिंकता आली नाही. निवड योग्य होती, कष्ट खरे होते, संधीही मिळाली होती. तरीही पीक अपेक्षेप्रमाणे आले नाही. धानाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू जर्सीहून जिम नँट्झ नावाचा मुलगा गोल्फसाठी ह्यूस्टनला आला. वसतिगृहात त्याच्या सोबतीला फ्रेड कपल्स आणि ब्लेन मॅकॅलिस्टर हे खेळाडू होते. त्यांचा खेळ रोज जवळून पाहताना नँट्झला लवकरच कळून चुकले की आपली जागा मैदानावर नाही. त्याला बोलण्याची, समालोचन करण्याची ओढ होती. कपल्सला मोठे विजेतेपद मिळाले आणि आपण त्याची मुलाखत घेतली तर ती कशी होईल, याची नक्कल हे मित्र खोलीत बसून करीत. कपल्स संघात असताना ह्यूस्टनला राष्ट्रीय विजेतेपद मिळाले नाही. विद्यापीठाच्या ताळेबंदात ती वर्षे तोट्याची दिसतात. पण १९९२ साली ऑगस्टा येथे कपल्सने मास्टर्स जिंकली, तेव्हा विजेत्याचा हिरवा कोट देण्याच्या समारंभात दूरचित्रवाणीसाठी त्याच्याशी बोलायला समोर नँट्झच होता. वसतिगृहाच्या खोलीतील खेळ खरा झाला होता आणि बोलताना दोघांनाही भावना आवरणे कठीण गेले. नँट्झ पुढे अमेरिकेतील अग्रगण्य क्रीडा समालोचकांत गणला गेला.

संघाच्या हिशेबात नँट्झ पाचवादेखील नव्हता. तरी त्याला ज्या संगतीत राहायला मिळाले, तिने त्याला दोन गोष्टी दिल्या: आपली मर्यादा वेळेवर समजली आणि आपले खरे काम त्याच खेळाच्या आसपास सापडले. व्यापारी घरांत गादीवर न रमणारा मुलगा असतो. त्याला तोट्याच्या खाती लिहून टाकण्याची घाई होते. त्याला कोणाच्या संगतीत ठेवले आहे आणि तेथे त्याला काय सापडते आहे, हे पाहण्याइतका धीर वडीलधाऱ्यांनी धरला, तर अनेक खाती पुन्हा तपासावी लागतील.

प्रशिक्षकाच्या कामाची एक बाजू पैशाची आहे आणि तिच्याविषयी क्वचितच बोलले जाते. अमेरिकेत खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळते. विल्यम्स यांच्या सुरुवातीच्या काळात तिच्यावर फारशी बंधने नव्हती. पुढे संख्येची मर्यादा आली. पुरुषांच्या गोल्फ संघासाठी अनेक वर्षे ही मर्यादा केवळ साडेचार शिष्यवृत्तींची होती. संघात मुले नऊ-दहा. मग कोणाला अर्धी, कोणाला पाव, कोणाला फक्त पुस्तकांपुरती, असे वाटप प्रशिक्षकाला करावे लागे. प्रत्येक मुलाच्या आईवडिलांना आपल्याच मुलाला कमी मिळाले असे वाटणार. घरातील वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या साडेचारांच्या हिशेबातील वेदना कळेल. टेक्सासच्याच अ‍ॅबिलीन ख्रिश्चन विद्यापीठात आपला जीव मिल्खासिंग शिकला आणि १९९३ साली दुसऱ्या श्रेणीतील महाविद्यालयांचा राष्ट्रीय वैयक्तिक विजेता झाला. चंदीगडच्या मुलाला तेथवर नेणाऱ्या वाटेवर असे अनेक लहान-मोठे हिशेब कोणीतरी मांडलेले असतात.

विल्यम्स १९८७ साली निवृत्त झाले आणि १९९८ साली त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयांतील सर्वोत्तम गोल्फ प्रशिक्षकाला दरवर्षी दिला जाणारा पुरस्कार त्यांच्या नावाने आहे. मात्र १९८५ नंतर ह्यूस्टनला राष्ट्रीय विजेतेपद पुन्हा मिळालेले नाही. याची कारणे अनेक आहेत. शिष्यवृत्तींवर मर्यादा आल्या, अन्य विद्यापीठे जागी झाली, चांगले खेळाडू सर्वत्र विभागले गेले. तरी एक प्रश्न राहतोच. पेढीचा नावलौकिक पेढीच्या नावे जमा होता की एका माणसाच्या?

त्यांचे प्रतिस्पर्धी असलेल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडे पाहिले की हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. तेथे लॅब्रॉन हॅरिस यांनी १९४० च्या दशकात संघ हाती घेतला आणि १९६३ साली विजेतेपद मिळविले. १९७३ साली त्यांच्याच संघातून खेळलेल्या माइक होल्डर यांच्याकडे सूत्रे आली. होल्डर यांनी ३२ वर्षांत आठ विजेतेपदे मिळविली. त्यांच्या हाताखाली खेळलेले अ‍ॅलन ब्रॅटन पुढे प्रशिक्षक झाले आणि २०१८ व २०२५ साली संघ पुन्हा विजयी झाला. विजेतेपदांची संख्या आजही ह्यूस्टनपेक्षा कमी आहे, पण दिवा एकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि विझला नाही. हॅरिस यांनी एक खेळाडू घडविला, त्याच वेळी पुढचा प्रशिक्षकही घडविला. विल्यम्स यांच्या १६ विजेतेपदांचा मान त्याने कमी होत नाही. पण पिढीजात व्यवसाय करणाऱ्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात. एकीत शिल्लक मोठी आहे, दुसरीत पुढील पानावर ओढलेली शिल्लक अखंड आहे.

भंडारा जिल्ह्यात गोल्फचा संघ नसेल. धावणारी, कबड्डी आणि खो-खो खेळणारी मुले मात्र आहेत आणि त्यांना घेऊन पहाटे निघणारी माणसेही आहेत. संघ परततो तेव्हा घरोघरी पहिला प्रश्न निकालाचा असतो. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारता येईल: ज्याची निवड झाली नाही, ज्याचा आकडा धरला गेला नाही, तो मुलगा सध्या काय करतो? ज्या प्रशिक्षकाला याचे उत्तर तोंडपाठ असेल, त्याच्या हाती आपले मूल सोपवायला हरकत नाही. व्यापारी घरातील मुलगा असला तरी आणि गावातील कारागिराचा असला तरी, तेथे त्याचे खाते कोरे राहणार नाही.